पायाखालचा ब्रह्मदेश

'पायाखालची जमीन सरकणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करून मी शाळेत असताना दोनपैकी दीड मार्क मिळवला होता. पुढे सत्तरीच्या उंबरठ्यावर त्याचा प्रत्यक्ष अनुभव घ्यावा लागेल, असे तेव्हा वाटले नव्हते. आमच्या पायाखालची जमीन नुसती सरकली नाही. ती पहारीने उचकटली गेली, टेम्पोत भरली गेली, गिरगावातून रे रोडला गेली, तिथे तिचे घनफुटांत मोजमाप झाले आणि शेवटी मीच ती रोख पैसे मोजून मीरा रोडला आणली. स्वतःचीच जमीन पैसे देऊन सोडवून आणणारे लोक जगात पुष्कळ असतील. पण दुसऱ्या मजल्यावरची जमीन विकत घेऊन ती चौथ्या मजल्यावर नेणारा दुसरा कोणी असेल, तर त्याला मी चहाला बोलावीन.

जमीन म्हणजे लाकडाच्या फळ्या. गिरगावातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्याच्या फळ्यांनाही आम्ही जमीनच म्हणत होतो. कोकणातून आलेल्या माणसाला पायाखाली जमीन लागते. ती नसेल तर जे काही असेल त्याला तो जमीन म्हणतो. खाली जाड तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर नऊ-नऊ इंच रुंदीच्या सागवानी फळ्या. दोन फळ्यांमध्ये मूळ बांधणाऱ्याने फट ठेवली नव्हती. ती साठ-सत्तर वर्षांच्या उन्हाळ्या-पावसाळ्यांनी ठेवली. या फटींतून आमच्या घरातल्या वस्तू खालच्या बिऱ्हाडी जात. सुया, टाचण्या, दहा पैसे, एकदा माझा दुधाचा दात. (तो खालच्या वहिनींनी कागदात बांधून परत पाठवला होता.) पण मुख्यतः जाई ते पाणी. आमच्याकडे तांब्या कलंडला, की तीन सेकंदांत खालून केरसुणीच्या दांड्याचा ठोका येई. एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे कुटणे थांबवा, तीन म्हणजे पोरांना आवरा. टेलिफोन चाळीत यायच्या कितीतरी आधी ही सोय होती आणि तिचे बिल येत नसे.

आईला त्या जमिनीची भाषा येत होती. दुपारी ती डोळे मिटून पडलेली असे. तरी दारातून कोण आले ते तिला फळीच्या आवाजावरून कळे. "शाळा लवकर सुटली का रे?" हा प्रश्न ती माझ्याकडे न बघता विचारायची आणि मी चपला हातात घेऊन, भिंतीच्या कडेकडेने, चोरासारखा आलेला असतानाही विचारायची. 

मी लग्नानंतर, १९८६ साली मीरा रोडला आलो. तेव्हा स्टेशनातून बाहेर पडले की मिठागरे दिसत, आणि मिठागरांच्या पलीकडे 'भविष्यातील गार्डन' असे पाटीवर लिहिलेले चिखलाचे चौकोन. मीरा-भाईंदर नगरपालिका होऊन जेमतेम वर्ष झाले होते. ग्रामपंचायती एकत्र करून ती १२ जून १९८५ रोजी स्थापन झाली. महानगरपालिका व्हायला २००२ साल उजाडले. २०११ च्या जनगणनेत आमची संख्या आठ लाखांवर गेली. हे आठ लाख आले कुठून, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, त्यातले बरेचसे दादर, लालबाग, गिरगावच्या फटींतून गळाले. मुंबईत जागा होईना, म्हणून आम्ही पाण्यासारखे खाली, म्हणजे उत्तरेकडे, उतरत गेलो.

आई मात्र गिरगाव सोडायला तयार नव्हती. वडील गेल्यावरही ती त्याच खोलीत राहिली. अखेर इमारत धोकादायक ठरली, माणसे बाहेर निघाली, आणि वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी ती एक ट्रंक, देव आणि वडिलांची काठी घेऊन आमच्याकडे आली. आमच्याकडे तोवर गुळगुळीत, चकचकीत, आरशासारख्या फरश्या बसवून झाल्या होत्या. त्यांच्यात आमच्या सौ.ला अभिमान दिसत असे आणि मला माझे टक्कल. आईने पहिल्या दिवशी त्यांच्यावर पाऊल ठेवले आणि म्हणाली, "थंड आहे गं. आणि बोलत नाही."

गेल्या पावसाळ्यात ती त्या फरशीवर घसरली. हाड मोडले नाही. पण त्या दिवसापासून ती खोलीबाहेर यायची थांबली. पलंग, त्याला लागून खुर्ची, खुर्चीला लागून बाथरूमचे दार, एवढाच तिचा मुलूख उरला. डॉक्टर म्हणाले, "चालवा त्यांना. नाही चालल्या तर पुढचं सांगायला नको." आम्ही चालवायला गेलो की ती पलंगाची कड घट्ट धरून म्हणे, "उद्या." 

तशात त्या फरश्याही एके दिवशी फटाक्यासारखा आवाज करून मध्यभागी तंबूसारख्या उभ्या राहिल्या. फरश्या फुगणे हा मीरा रोडचा स्थानिक आजार आहे. त्यावर घरोघरी वेगवेगळी औषधे सांगतात. माझ्या डोक्यात मात्र त्या क्षणी रे रोडच आले.

इथे थोडे अर्थशास्त्र सांगायला हवे. जुनी इमारत पाडणाऱ्याला आपण पैसे देतो, अशी माझी समजूत होती. सागवानी इमारत असेल तर उलटे असते. पाडणाराच मालकाला पैसे देतो. कारण विटा आणि चुना यांच्या ढिगाऱ्याखाली जे निघते, ते आज कुठल्याही जंगलात मिळत नाही. मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींची डागडुजी सरकारने १९६९ च्या कायद्याने हाती घेतली, तेव्हा अशा १९,६४२ इमारती नोंदल्या गेल्या होत्या. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली होती. त्यामुळे मालकांनी इमारतींकडे पाहणे सोडले आणि भाडेकरूंनी इमारती सोडणे सोडले. या दोहोंच्या मधे लाकूड तेवढे शांतपणे आपले काम करीत उभे राहिले. भिंतीला पिंपळ फुटला, जिना वाकला, संडास पडला. पण तुळई हलली नाही. आणि अशी इमारत पडते तेव्हा तिच्यातली सगळ्यांत तरुण वस्तू म्हणजे तिचे लाकूड असते.

तर चौकशी करीत करीत मी रे रोडला दारूखान्यात पोचलो. दारूखाना म्हटल्यावर नव्या माणसाला भलताच आनंद होतो. इथली दारू म्हणजे तोफांची. या भागात लकडी बंदर नावाचेच ठिकाण आहे आणि शेजारी जहाजे फोडतात. आपली पहिली विमानवाहू युद्धनौका 'विक्रांत' २०१४ मध्ये इथेच फुटली. तिच्या पोलादातून पुढे २०१६ साली बजाजने मोटारसायकली काढल्या. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एकाकडे ती आहे. १९७१ च्या युद्धात गाजलेले पोलाद सध्या कोथिंबीर आणायला वापरतात.

वखारीचे शेठ कच्छी होते. त्यांच्या तीन पिढ्या लाकडात गेल्या होत्या. आजूबाजूला दारे, खिडक्या, जिन्याचे कठडे, आणि पुण्याकडच्या कुठल्याशा वाड्याचे कोरीव खांब उभे होते. मी चाळीचे नाव आणि गल्ली सांगितली. त्यांनी वही उघडली, बोट फिरवले आणि म्हणाले, "आला होता माल. तुळया गेल्या. फळी आहे थोडी. एकदम बर्मा छे, साहेब. आता बर्मा कुठे मिळते?"

"ती आमचीच आहे," मी म्हणालो.

"अच्छा, तुम्हारा है?" शेठ म्हणाले. "तो भाव तो तुमको मालूमच होगा."

आता हे बर्मा प्रकरण. आमच्या घरात तीन पिढ्या ज्याच्यावर पाट मांडून जेवल्या, ते लाकूड परदेशी आहे हे आम्हांला ठाऊकच नव्हते. साग आपल्याकडे काय कमी होता? मलबारचा होता, डांगचा होता, अल्लापल्लीचा होता आणि आहे. अयोध्येच्या राममंदिराची दारे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्याच सागाची आहेत. शनिवारवाडा बांधला तेव्हा साग जुन्नरच्या जंगलातून आला. १७३० मध्ये पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली आणि खर्च आला १६,११० रुपये. (हा आकडा मी सौ.ला वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्यात मॉड्युलर किचन नव्हतं.") पुढे १८२८ मध्ये त्या वाड्याला आग लागली आणि ती आठवडाभर जळत राहिली. जुन्नरचे एक अख्खे जंगल दुसऱ्यांदा तोडले गेल्यासारखेच ते होते.

मग ब्रह्मदेशचा साग मुंबईत कसा आला? तर जहाजांमुळे. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे शंभरावर वर्षे मुंबईच्या गोदीत मलबारी सागाची जहाजे बांधली. इंग्रजांकडे ओक होता. पण ओकमध्ये असलेले आम्ल लोखंडी खिळे खाऊन टाकते. सागाचे तसे नाही. त्याच्या अंगात तेल असते, ते खिळ्यालाही सांभाळते, वाळवीलाही पळवते आणि पाण्यालाही दाद देत नाही. वाडियांनी १८१७ मध्ये मुंबईत बांधलेले 'ट्रिंकोमाली' नावाचे जहाज अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या बंदरात तरंगते आहे. दोनशे वर्षे! आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी नवव्या वर्षी गळू लागली.

असे लाकूड सापडल्यावर साहेब स्वस्थ बसणार थोडाच? मलबारची जंगले आरमाराने विरळ करीत आणली आणि इंग्रजांची नजर ब्रह्मदेशावर गेली. तीन लढायांत त्यांनी तो देश कापत नेला. १८२४ ते २६ च्या लढाईत तेनासरीम घेतले आणि मौलमीनचा साग हाती आला. १८५२ मध्ये रंगून घेतले. उरला उत्तरेकडचा भाग आणि त्याचा राजा थिबा. इकडे १८६३ मध्ये आपल्या मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची कंपनी निघाली होती आणि थिबाच्या जंगलात तोडीचे करार करून बसली होती. १८८५ मध्ये थिबाच्या दरबाराने हिशेब तपासला. म्हणाले, तुम्ही पैसे भरलेत त्यापेक्षा कितीतरी जास्त ओंडके बाहेर नेलेत. भरा लाखो रुपयांचा दंड. 

वखारवाला आणि गिऱ्हाईक यांच्यातला हा ओंडक्यांच्या मोजणीवरचा वाद आहे. असे वाद रे रोडला दर तासाला होतात आणि चहावर मिटतात. पण इथे एका बाजूला साम्राज्य होते. फ्रेंचांनी तिकडे पाय रोवू नयेत ही साहेबाची खरी काळजी. लाकूड हे निमित्त. नोव्हेंबर १८८५ मध्ये बोटींतून फौज इरावतीने वर गेली, दोन आठवड्यांत मंडाले पडले, राजाला राणीसकट बोटीत घातले, आणि १ जानेवारी १८८६ रोजी उरलेला ब्रह्मदेशही खालसा झाल्याचे जाहीर झाले. दंड अर्थात राहून गेला.

राजाला ठेवायचे कुठे? तर रत्नागिरीला. १८८६ मध्ये आलेला थिबा १९१६ मध्ये तिथेच वारला. तीस वर्षे! त्याच्यासाठी वाडा बांधून पुरा व्हायला १९१० साल उजाडले. त्या वाड्याचे काम बघायला माझे आजोबा शाळा बुडवून जात आणि त्याबद्दल मार खात, अशी आमच्या घरची आख्यायिका आहे. थिबाची नात टुटू ही रत्नागिरीतच मराठी बोलत वाढली आणि गरिबीत राहिली. राजाची नात मराठी बोलू लागते, तोवर त्याच्या राज्याचे जंगल मुंबईच्या चाळींत उभे राहिलेले असते.

पुढे आजोबा रत्नागिरीहून आगबोटीने मुंबईला आले आणि गिरगावात त्या फळ्यांवर अंथरूण टाकून झोपले. वखारीत उभ्या उभ्या हा सगळा हिशेब माझ्या डोक्यात जुळला आणि मी जरा वेळ एका तुळईवर बसलो. थिबाचे लाकूड आमच्या गावी यायचे ते मुंबईला गेले, थिबा स्वतः आमच्या गावी आला. आणि आम्ही गाव सोडून त्याच्या लाकडावर राहायला गेलो. त्याच्या जंगलाच्या जमिनीवर आमच्या तीन पिढ्यांनी संसार केला, आणि भाडे भरले ते भलत्यालाच. 

शेठ म्हणाले, "क्या हुआ साहेब, चक्कर आया?" त्यांनी चहा मागवला. बरोबर ब्रिटानियाचे बिस्कीट होते. ती बॉम्बे बर्मा कंपनी अजून आहे. ती आता वाडिया समूहात आहे, म्हणजे त्याच जहाजबांधणीवाल्या लवजींच्या वंशजांकडे, आणि ब्रिटानियाही त्याच समूहातली. साग संपला, बिस्किटे उरली. मी ते बिस्कीट जरा आदराने खाल्ले.

ब्रह्मदेशचा साग नुसता तोडून आणता येत नसे, हेही शेठनी सांगितले आणि नंतर मी वाचूनही पाहिले. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून आधी झाडाच्या बुंध्याभोवती सालीचे आणि खालच्या लाकडाचे कडे कापून त्याला उभ्या उभ्या मारायचे, दोन-तीन वर्षे तसेच वाळू द्यायचे, मग पाडायचे. हत्तींनी ते ओढत ओढ्यापर्यंत न्यायचे. ओंडक्यावर हातोड्याने मालकाचा शिक्का ठोकायचा. मग पावसाळ्यात ओढ्याला पूर आला, की ते वाहत नदीत यायचे. नाही आला, तर पुढच्या वर्षी. नदीत तराफे बांधून रंगून. रंगूनहून जहाजाने मुंबई. झाडाला कडे पडल्यापासून फळी आमच्या खोलीत ठोकली जाईपर्यंत पाच-सहा वर्षे सहज जात असतील. आमच्या मिस्त्रीने हेच काम तीन आठवड्यांत करतो म्हणून सांगितले आणि चार महिने घेतले, तेव्हा मी त्याला काही बोललो नाही. त्याच्याकडे हत्ती नव्हते.

आता तो साग नव्याने मिळायचा नाही. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यातच बंद केली. जे काही आहे ते मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांत उभे आहे. मोडके घर दिसले की लाकूडवाल्यांचे डोळे लुकलुकतात ते उगीच नाही.

जुने सामान दुसरीकडे नेऊन लावणे यात कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही, हे मी सौ.ला समजावले. तिचे म्हणणे, "लोक जुनं काढून नवं करतात, तुम्ही नवं काढून जुनं करताय." मी तिला खिडकीतून उत्तरेकडे बोट दाखवले. तिकडे खाडीपलीकडे वसईचा किल्ला. अलीकडे उत्तनजवळ धारावीचा किल्ला. (ही धारावी ती नव्हे.) १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी हा मुलूख पोर्तुगीजांकडून घेतला, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा उतरवून देशावर नेल्या आणि देवळांत बांधल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा ती याच स्वारीतली. पोर्तुगालच्या देवासाठी ओतलेली घंटा गोदावरीच्या काठी महादेवासाठी वाजते, आणि दोघांपैकी कोणाचीच तक्रार नाही. लंडनचे लिबर्टी नावाचे मोठे दुकान १९२४ मध्ये उभे राहिले ते दोन जुन्या युद्धनौकांच्या लाकडातून; आत चालताना गिऱ्हाईक चक्क जहाजाच्या डेकवरून चालते. आणि पुण्यात दिनकर केळकरांनी तर कोथरूडचा मस्तानी महालच उचलून आपल्या संग्रहालयात आणून जोडला. अकाली गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाच्या नावाने त्यांनी ते संग्रहालय केले. त्या मोडक्या दारांत, खांबांत आणि अडकित्त्यांत ते काय शोधत असतील, हे पूर्वी मला कळत नसे.

"म्हणजे आपल्याकडे आता म्युझियम होणार," सौ. म्हणाली. पण आईच्या खोलीपुरती तिने परवानगी दिली.

फळ्या आल्या तेव्हा त्या लाकडाच्या आहेत हेच ओळखू येत नव्हते. शंभर वर्षांचा मळ, रंगाचे तीन थर, मेण, रॉकेल. आणि खिळे! खिळा आत राहिला तर करवतीचे पाते जाते, म्हणून गिरणीवाल्याने "पहले कील निकालो" म्हणून परत पाठवले. मी, मिस्त्री आणि मिस्त्रीचा पोऱ्या असे तिघे गच्चीत बसून आठ दिवस खिळे काढत होतो. चौकोनी घडीव खिळे, गोल तारेचे खिळे, मध्येच एक पितळी चूक. वडिलांनी गणपतीची आरास करताना ठोकलेले मला ओळखू आले. ते सगळे वाकडे होते. 

मग पहिल्या फळीवर रंधा फिरला. वरचा काळा पापुद्रा गेला आणि खालून मधासारखा पिवळाधमक साग वर आला, आणि असा काही वास सुटला की खालच्या मजल्यावरचा माणूस वर विचारायला आला. शंभर वर्षे ते तेल आत बसून होते. मिस्त्री राजस्थानचा, एरवी प्लायवूड आणि सनमायका यांच्यावर उपजीविका करणारा. तो हात थांबवून म्हणाला, "बाबूजी, हमारे बाप ऐसी लकड़ी की बात करते थे. हमने तो आज देखी." मग तो फळी हातात धरून तिच्या कडेच्या रेघा मोजू लागला. एका इंचात कितीतरी वर्षे दाटीने बसली होती. आमच्या चाळीसारखीच.

बाकीची विघ्ने थोडक्यात सांगतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी वजनाबद्दल पत्र दिले. काढलेल्या फरश्या आणि सिमेंट यांचे वजन जास्त होते हे दाखवल्यावर ते वाळवीबद्दल बोलू लागले. खाली रिपा आणि वर फळ्या मिळून जमीन दीड इंच उंच झाली, त्यामुळे खोलीचे दार उघडेना. ते खालून कापले. कापल्यावर बंद होईना. भिंतीच्या कडेने पावसाळ्यात फुगायला बोटभर जागा सोडायची असते, ती सोडल्याचे पाहून सौ.ने "माप चुकलं वाटतं" असा शेरा मारला. आणि एवढे करून फळ्या पुरल्या नाहीत. पलंगाखाली शेवटी नवे पाइन लागले. तिथे कोणी बघत नाही. इतिहासकारही असेच करीत असावेत.

आता मुख्य गोष्ट. वखारीत फळ्या निवडताना एका फळीवर मला काळा गोल डाग सापडला होता. स्टोव्हचा. आमच्या खोलीत असा डाग होता. १९६० च्या सुमारास स्टोव्ह भडकला तेव्हा पडलेला. आईने तो सगळा जन्म पोतेऱ्याने घासला आणि गेला नाही. मी मिस्त्रीला बजावले होते की त्या फळीवर रंधा मारायचा नाही. ती आम्ही खोलीच्या बरोबर मध्ये बसवली.

आईला त्या दिवशी खुर्चीत बसवून आणले. तिने चष्मा लावला आणि बराच वेळ त्या डागाकडे पाहिले. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे. मिस्त्रीसुद्धा.

"हा आपला नव्हे," ती म्हणाली.

"अगं, आई, नीट बघ. चाळीतलीच फळी आहे."

"चाळीतली असेल. आपला डाग मोरीच्या बाजूला, आणि त्याला एकीकडे शेपूट होतं. हा नुसता गोल आहे. असे डाग काय, प्रत्येक खोलीत होते." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हा खालच्या वहिनींकडचा असावा. त्यांचा स्टोव्ह असाच मोठा होता."

माझा चेहरा पडला असणार. ऐंशी हजारांच्या वर खर्च करून मी खालच्या वहिनींची जमीन घेऊन आलो होतो. सौ.ने माझ्याकडे पाहिले, पण त्या वेळी ती काही बोलली नाही. (ती नंतर बोलली.)

आईने पाय चपलेतून काढले आणि फळीवर टेकवले. मग वडिलांची काठी मागितली. उठली. कोणाचा हात धरला नाही. तिसऱ्या पावलाला एक फळी करकरली. मिस्त्रीने खाली रीप नीट बसवली नव्हती. तो ओशाळून हातोडी घेऊन पुढे झाला, तर आईने त्याला हातानेच थांबवले. "राहू दे ते," ती म्हणाली.

हल्ली ती रोज संध्याकाळी खिडकीपर्यंत जाते आणि परत येते. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असतो. करकर झाली की कळते, आई खिडकीशी पोचली. दुसऱ्यांदा झाली की परत आली. परवा तिच्या हातून फुलपात्र कलंडले. ती लगबगीने वाकून पदरानेच पाणी टिपू लागली. मी म्हणालो, "अगं, असू दे. खाली स्लॅब आहे, कुठे जातंय पाणी?"

"तुला काय माहीत?" ती म्हणाली. "ठोका आला म्हणजे?"